आकृतीरावांचं तळं

ज्या दिवशी आकृतीरावांनी घरातला सोफा बाहेर काढून जिन्याच्या वळणावर ठेवला, त्या दिवसापर्यंत इमारतीत कुणाची त्यांच्याविषयी तक्रार नव्हती. खरं म्हणजे त्यांच्याविषयी कुणाचं काहीच नव्हतं. काही माणसं इमारतीत गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखी राहतात. ती आहेत म्हणून सगळ्यांचं चालतं, पण वर जाऊन बघत कुणी नाही.

आकृतीराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. शाळेची पुस्तकं काढणाऱ्या कचेरीत त्यांनी उभी नोकरी केली ती आकृत्या काढण्याची. बेडकाची पचनसंस्था, फुलाचा उभा छेद, डोळ्याचं बुबुळ, मूळ आणि त्याची टोपी. आसपासच्या मुलखात जो कुणी शाळेत गेला, त्याने माणसाचं जठर पहिल्यांदा पाहिलं ते आकृतीरावांच्या हातचं. पण जठराखाली सही करायची पद्धत नाही. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापखान्याचा पत्ता असे, कागदाचा दर्जा असे, चूक आढळल्यास कळवावे अशी विनंती असे. चित्र कुणी काढलं, एवढंच नसे. आकृतीरावांनी याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. फक्त कुणाकडे गेले की तिथल्या मुलांचं विज्ञानाचं पुस्तक ते सहज चाळायला घेत आणि हवेत बघून म्हणत, "मूत्रपिंड बरं साधलंय यात." यजमान म्हणत, "हो का?" आणि बोलणं हवामानावर जाई.

निवृत्तीनंतर त्यांच्याकडे ग्रंथालयाचं काम चालून आलं. ग्रंथपाल बाईंची अडचण तशी चित्रकलेची नव्हतीच. त्यांच्या नव्या वाचनकक्षात खुर्ची सरकवली की असा काही करकरीत आवाज होई, की वाचणारा वाक्याची सुरुवात विसरून जाई. त्यांनी खुर्च्यांच्या पायांना रबराच्या टोप्या लावून पाहिल्या. परीक्षेचा अभ्यास करणारांनी त्या खोडरबर म्हणून वापरून संपवल्या. जाड कॅनव्हास रंगवून, वर व्हार्निशचे हात देऊन जमिनीवर पसरला तर आवाज दबतो, असं बाईंनी कुठेसं वाचलं होतं. आकृतीराव पुस्तक परत करायला आले तेव्हा त्यांनी विषय काढला.

"तुम्ही चित्रं काढता ना?"

"काढायचो."

"जमिनीवर अंथरायचं काढाल? भलं मोठं हवंय. आणि डाग दिसता कामा नयेत, तेवढं बघा."

यातलं डागांचं वाक्य आकृतीरावांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. 'भलं मोठं' या दोन शब्दांपाशी ते थांबले होते. ज्या माणसाने जन्मभर पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत यकृत बसवलं, त्याला कुणी भलं मोठं काही मागितलं की त्याचं काय होतं, हे मोठी चित्रं काढणारांना कळायचं नाही. घरी पोचेपर्यंत त्यांचा विषय ठरला होता. वरून दिसणारं तळं. स्वच्छ पाणी, तळाशी दगड, शेवाळ, मासे, माशांच्या सावल्या. आणि विषयाच्याही आधी एक गोष्ट ठरली होती. खाली उजव्या कोपऱ्यात सही. संपूर्ण नाव, आडनावासकट.

"अहो, लोक पाय देणार त्यावर," बायको म्हणाली.

"देऊ देत की. पाय देताना माणूस खाली बघतोच."

"कोण बघतं? मी एवढी वर्षं या फरशीवरून चालतेय. डोळे मिटून मला हिचा रंग विचारा."

आकृतीरावांनी विचारला नाही, कारण उत्तर तपासायचं तर आधी त्यांनाच खाली बघावं लागलं असतं.

कॅनव्हास घरी आला, तेव्हा तो हॉलपेक्षा चांगलाच मोठा निघाला. हे आधी कळायला हवं होतं, असं बायकोने सांगितलं. हे आधीच कळलं होतं, असं आकृतीरावांनी सांगितलं नाही. त्यांनी पद्धत शोधून काढली होती. एका टोकाला गुंडाळी ठेवायची, पुढ्यातला भाग रंगवायचा, तो वाळला की दुसऱ्या टोकाला गुंडाळत न्यायचा आणि पुढचा उलगडायचा. म्हणजे तळं एकदम कधीच दिसणार नव्हतं. ते खिडकीतून मिरवणूक बघावी तसं तुकड्या-तुकड्याने समोरून जाणार होतं. सोफा मात्र या मिरवणुकीच्या वाटेत येत होता. त्याची रवानगी जिन्यात झाली.

त्याच दिवशी इमारतीच्या सेक्रेटरींनी बेल वाजवली. सामायिक जागेत खाजगी सामान ठेवता येत नाही, असं ते दारातूनच म्हणाले. दारातूनच, कारण दाराच्या आत ओलं शेवाळ होतं. आकृतीरावांनी थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे असं सांगितलं. थोडे दिवस म्हणजे पुढे जवळजवळ वर्ष झालं. पण तोवर वरच्या मजल्यांवरच्या म्हाताऱ्या मंडळींना त्या सोफ्याची सवय लागली होती. जिना चढताना मध्ये बसून दम घ्यायची ही सोय आजवर कुणाला सुचली कशी नाही, असं ती आपापसात बोलत. पुढे जेव्हा सोफा आत गेला, तेव्हा त्याबद्दलही तक्रार आली, आणि ती घेऊन तेच सेक्रेटरी आले.

घरात मंडळी आता कडेकडेने राहू लागली. बायको भिंतीला पाठ लावून, चहाचा कप छातीशी धरून, कड्यावरून चालल्यासारखी हॉल ओलांडायची. मुलगी नोकरीवरून आली की चपला हातात घेऊन आधी विचारायची, "बाबा, आज कुठे कोरडं आहे?" आणि मग आकृतीराव तळ्याच्या मधोमध फळीवर उकिडवे बसून, ब्रशने दाखवत, दगडा-दगडावरून तिला वाट सांगायचे. पाहुणे येईनासे झाले. बायकोच्या मते या साऱ्या उपद्व्यापाचा तेवढा एक फायदा होता.

सल्ला मात्र येत राहिला. वरच्या मजल्यावरचे इंजिनिअर रोज दारात उभे राहून दोन मिनिटं बघत आणि काहीतरी ठेवून जात. मासे जरा जास्त आहेत. ऑक्सिजन पुरणार नाही. खालच्या मजल्यावरचे काका मोठ्या मनाचे. ते म्हणाले, "आमच्या साडूंनी दिवाणखान्याला डोंगराचा कागद लावला. तयार मिळतो. एका दुपारचं काम. तुम्ही कशाला एवढं गुडघे झिजवताय?" आकृतीरावांनी हातातला मासा पूर्ण होईपर्यंत उत्तर दिलं नाही. मासा पूर्ण झाला तोवर काका गेले होते. अपमानाला उत्तर देण्याची आकृतीरावांची ही जुनीच रीत. त्यामुळे त्यांची बरीचशी उत्तरं अजून त्यांच्यापाशीच आहेत.

पण खरा धक्का बसला तो घरातून. एका दुपारी बायको भिंतीच्या कडेने जाता जाता थबकली.

"अहो, ही रेघ कसली?"

"कुठली?"

"या माशाच्या कल्ल्यातून निघून सरळ बाहेर आलीय बघा. आणि टोकाला कंसात (अ) लिहिलंय."

आकृतीरावांनी चष्मा लावला. रेघ होती. बारीक, काळी, फूटपट्टी लावून ओढावी तशी सरळ. टोकाला कंस, कंसात अ. अक्षर वळणदार, पुस्तकात छापण्याजोगं. आपण ती केव्हा ओढली ते त्यांना आठवेना. मासा संपवला, ब्रश धुतला, बारीक ब्रश घेतला, आणि मन चहाकडे गेलं असताना हाताने आपलं नेहमीचं काम उरकून टाकलं होतं. इतकी वर्षं सुबक आणि नामनिर्देशित आकृत्या काढलेला हात तो. आकृती झाली की नावाची रेघ, हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं.

त्यांनी घाईघाईने गुंडाळीचा आणखी थोडा भाग सोडला. शेवाळाला (ब) दिलेला होता. एका गोल दगडाला (क).

"खाली प्रश्नही घाला," बायको म्हणाली. "दोन गुणांचा."

आकृतीराव हसले नाहीत. ते पॉलिश पेपर घेऊन बसले. रेघा घासून काढल्या, वर पुन्हा पाणी रंगवलं. तिन्ही ठिकाणी ते इतकं एकजीव झालं, की नंतर त्यांनाही जागा सापडेना. पण त्या संध्याकाळी त्यांनी पुढचा मासा सुरू केला नाही. मोठं चित्र काढायला निघालेल्या माणसाला आपला हात अजून कचेरीतच कामाला आहे हे कळणं, ही गोष्ट सांगून कुणाला समजावी अशी नसते. बायकोला ती न सांगता समजली. तिने जेवताना पुन्हा तो विषय काढला नाही, आणि मुलगी काढायला लागली तेव्हा तिच्या ताटात आणखी भाजी वाढली.

मग सही झाली. त्यासाठी त्यांनी आधी जुन्या वर्तमानपत्रांवर सराव केला. फार सरळ आली तर शीर्षकासारखी दिसे, फार तिरकी आली तर बँकेतल्या चेकची वाटे. शेवटी एके सकाळी अंघोळ करून, कुणाशी न बोलता, त्यांनी कोपऱ्यातल्या वाळूवर आपलं नाव लिहिलं. सगळं नाव. लिहून झाल्यावर ते उभे राहिले, आणि आपण या नावाच्या माणसाला पहिल्यांदाच भेटतोय असं त्यांना वाटलं.

व्हार्निशच्या दिवसांविषयी थोडक्यात सांगणंच बरं. वरचे इंजिनिअर म्हणाले, पंखा बंद ठेवा, धूळ बसेल. खालचे काका म्हणाले, पंखा लावा, वास खाली येतोय. आकृतीरावांनी पंखा सर्वांत कमी वेगावर ठेवला आणि दोघांचीही नाराजी सारखीच ओढवून घेतली. जिन्यातल्या सोफ्यावर बसणाऱ्या एका आजींनी मात्र या वासाने आपलं चोंदलेलं नाक मोकळं झाल्याचं सांगून, हे काम आणखी किती दिवस चालेल अशी आपुलकीने चौकशी केली.

रंगवलेला कॅनव्हास घडी घालून नेता येत नाही. घडीवर रंग तडकतो. तो गुंडाळायचा, आणि तोही रंग बाहेरच्या अंगाला ठेवून. आकृतीरावांनी तो घरातल्या पांढऱ्या चादरींत गुंडाळला, तीन ठिकाणी दोरीने बांधला. लिफ्टमध्ये तो जाईना. टेम्पोवाला आला, गुंडाळीची लांबी बघून मान हलवून निघून गेला. ग्रंथालय चार गल्ल्या पलीकडे. तेव्हा खांद्यावरून नेण्यावाचून उपाय राहिला नाही. पुढे इंजिनिअर आणि सेक्रेटरी, मागे काका आणि आकृतीराव. चौघांच्या खांद्यांवर पांढरी, लांबट, दोरीने बांधलेली वस्तू, आणि चौघांचेही चेहरे ओझ्याने गंभीर.

पहिल्याच वळणावर रहदारी थांबली. एका दुकानदाराने रेडिओ बंद केला. सायकलवरचा एक गृहस्थ खाली उतरला आणि मान खाली घालून चार पावलं बरोबर चालला. मग आकृतीरावांजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "घरातलंच का कुणी?"

"हो, माझंच," आकृतीराव धापा टाकत म्हणाले.

"वय?"

"वर्ष होईल आता."

गृहस्थाने गुंडाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. पुढे त्याने काही विचारलं नाही. पण शेवटच्या गल्लीपर्यंत तो बरोबर होता, आणि उंबऱ्याशी त्याने खांदाही दिला.

वाचनकक्षातली टेबलं-खुर्च्या बाजूला सारलेल्या होत्या. दोऱ्या सोडल्या, चादरी काढल्या आणि चौघांनी गुंडाळी ढकलत नेली. तळं उलगडत गेलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत पाणी पसरलं, आणि आकृतीरावांनी आपलं चित्र पहिल्यांदाच सबंध पाहिलं. वरून खिडक्यांचा उजेड पडला होता. मासे आपापल्या सावल्यांच्या वर तरंगत होते. काका, ज्यांना डोंगराचा कागद आवडायचा, ते दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, "खोल वाटतंय हो." आकृतीरावांना वर्षभरात मिळालेली ही पहिली दाद. तिच्याकडे त्यांनी निर्विकारपणे बघितलं आणि ती जपून आत ठेवून दिली.

खुर्च्या लावल्या गेल्या. वाचक आले, आणि कुणी पाऊल टाकीना. एकजण भिंतीकडेने गेला. एका बाईंनी माशाला वळसा घातला. एका गृहस्थांनी तर पॅंट थोडी वर उचलली, मग आजूबाजूला पाहून पुन्हा खाली सोडली. ग्रंथपाल बाई चिंतेत पडल्या. आकृतीराव मात्र एकेक वळसा मनात मोजून ठेवत होते.

तेवढ्यात साहेब आले. साहेब म्हणजे ग्रंथालयाचे प्रशासकीय अधिकारी. माणूस वाईट नव्हता. जगातल्या प्रत्येक वस्तूला आपलं कपाट असावं, एवढंच त्यांचं म्हणणं. ते कडेकडेने फिरले, कोपऱ्यात थांबले, वाकले.

"ही सही आहे?"

"हो," आकृतीराव म्हणाले. त्यांना वाटलं, आता नाव मोठ्याने वाचलं जाईल.

"बाई, तुम्ही तर मला आवाज कमी करायचं आच्छादन म्हणाला होतात. सही आहे म्हणजे ही कलाकृती झाली. कलाकृती जमिनीवर नाही ठेवता येत. उद्या कुणी म्हटलं, ग्रंथालयात कला पायदळी तुडवतात, तर उत्तर मला द्यावं लागतं."

"पण साहेब, पायदळी तुडवायलाच काढलीय ती," ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

"मग सही कशाला केली?"

या प्रश्नाचं उत्तर खोलीत एकाच माणसाला माहीत होतं.

साहेबांनी मार्ग सुचवला. त्यांच्यापाशी मार्ग नेहमी असत. जिन्यातली मोठी भिंत. चित्र उभं लावायचं. मासे शेपटीवर उभे राहतील, पण त्याला इलाज नाही. खाली नावाची पितळी पट्टी लावू. नाहीतर मग हे आच्छादन म्हणून खाली राहू दे, सफाई विभागाच्या ताब्यात, पण सही नको. "तुम्ही ठरवा," साहेब मोठ्या मनाने म्हणाले. "मला दोन्ही चालेल."

पितळी पट्टी. आकृतीरावांच्या डोळ्यांसमोर ती चमकली. निरोप मिळून त्यांची बायको आणि मुलगी तोवर येऊन पोचल्या होत्या. मुलगी म्हणाली, "बाबा, भिंतीवर घ्या. निदान नाव राहील. आयुष्यभर कुणी ओळखलं नाही तुम्हाला."

बायकोचं लक्ष दुसरीकडेच होतं. ती माशाला वळसा घालून चाललेल्या एका म्हाताऱ्याकडे बघत होती.

"मी जरा भिंत बघून येतो," आकृतीराव म्हणाले.

जिन्यातल्या त्या भिंतीवर आधीच एक चित्र होतं. सोनेरी चौकटीतले कुणीतरी भरघोस मिशांचे गृहस्थ. या जिन्यावरून आकृतीराव कित्येक वर्षं जात-येत होते. आज ते पहिल्यांदा त्याच्यासमोर थांबले. काम उत्तम होतं. हात तर असा काढला होता, की शिरा मोजाव्यात. आकृतीराव सही शोधायला खाली वाकले. खालचा कोपरा थंड पाण्याच्या यंत्रामागे गेला होता. त्यांनी मान वाकडी करून, गाल भिंतीला लावून पाहिलं. एका अक्षराचा अर्धा भाग दिसला.

यंत्राखाली पेला धरलेल्या शिपायाला त्यांनी विचारलं, "हे चित्र कुणी काढलं?"

शिपायाने वर पाहिलं, जणू ते आत्ताच तिथे आलं होतं. "ते होय? ते असतंच इथे."

आकृतीरावांनी पुन्हा चित्रातल्या त्या हाताच्या शिरांकडे पाहिलं. आपण स्वतः चित्रं काढणारे. आपणही इतकी वर्षं पाणी पिऊन वर गेलो. नाव होतं, चौकट होती, भिंत होती, आणि आपल्यासारखा माणूससुद्धा थांबला नव्हता. वर वाचनकक्षात मात्र एका अनोळखी माणसाने आपल्या पाण्यासाठी पॅंट वर उचलली होती.

ते परत आले. डबीतून त्यांनी रंग काढले. वाटेत कुठे रंग उडालाच तर लावायला म्हणून ते बरोबर आणले होते. कोपऱ्यात गुडघे टेकले आणि आपल्या नावावर एक दगड रंगवायला घेतला. आधी आडनाव गेलं. साहेब घड्याळ बघत होते, पण घाई करा असं म्हणाले नाहीत. मुलगी खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. दगड पूर्ण झाल्यावर त्यांनी त्याला सावलीही दिली, कारण बाकीच्या दगडांना होती.

"छान झालाय दगड," बायको शेजारी येऊन म्हणाली.

"हं."

"सगळ्यांत छान झालाय."

साहेबांचं समाधान झालं. आता ते आच्छादन होतं, तेव्हा ते निर्धास्तपणे त्यावरून चालत निघाले आणि मधोमध थबकले.

"आता हे काय आहे?"

सगळे जमले. दोन टेबलांच्या मधल्या मोकळ्या जागेत, माशाच्या शेपटीच्या जरा पलीकडून एक बारीक, काळी, सरळ रेघ निघाली होती. टोकाला कंस. कंसात ड.

आकृतीरावांचे कान तापले. हा भाग रंगवून झाला तेव्हा गुंडाळीत गेला होता, व्हार्निश देताना ओल्या चकाकीत रेघ नजरेतून सुटली होती, आणि वर आता त्याचे टणक थर बसले होते. घासायला गेलं तर पाण्यात पांढरं भगदाड पडलं असतं.

"यात (ड) आहे," साहेब म्हणाले. "मग (अ), (ब), (क) कुठे आहेत?"

"पुसले," आकृतीराव म्हणाले. एवढं खरं त्यांना त्या दिवशी दुसऱ्या कशाबद्दलच बोलता आलं नव्हतं.

साहेबांच्या कपाळावर आठ्या जमू लागल्या. आच्छादनाला अक्षरं असली तर ते शैक्षणिक साहित्य होतं का, आणि तसं असेल तर ते कुणाच्या कपाटात जातं, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर उमटत होता. तेवढ्यात ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "साहेब, ड विभागाची कपाटं त्याच बाजूला आहेत ना."

साहेबांनी रेघेच्या रोखाने पाहिलं. कपाटं होती. जराशी डावीकडे होती, पण होती.

"अच्छा, दिशादर्शक," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा निवळला. "मग असू द्या. सोयीचंच आहे."

अशा रीतीने आकृतीरावांच्या सबंध कामातलं नाव तेवढं काढलं गेलं आणि चूक तेवढी मंजूर झाली. घरी जाताना ते सगळ्यांच्या मागे चार पावलं चालत होते. सोफा आत आला. हॉल पुन्हा हॉल झाला, आणि बायकोला चहाचा कप घेऊन सरळ चालायचं जरा जडच गेलं.

त्यानंतर त्यांनी ग्रंथालयाकडे पाठच फिरवली. गुडघे दुखतात म्हणाले, ऊन फार आहे म्हणाले. महिन्याने बायकोने त्यांच्या हातात एक पुस्तक दिलं. "हे परत करून या. मला दुसरं हवंय. आणि स्वतः जा, मुलीला पाठवू नका."

वाचनकक्षात दुपारची शांतता होती. लोक आता तळ्यावरून बेधडक चालत होते. दाराजवळ व्हार्निशची चकाकी थोडी मंदावली होती. एका माशावर कुणीतरी दप्तर ठेवलं होतं. आकृतीरावांनी हे सारं पाहिलं आणि आपल्याला यातलं काय लागतंय नि काय लागत नाही याचा अंदाज घेत ते मधल्या वाटेने निघाले. तिथे दोन खुर्च्या जवळ ओढून, वर्तमानपत्र मांडीवर घेतलेले एक आजोबा आणि परीक्षेची पुस्तकं पसरलेली एक मुलगी दबल्या आवाजात भांडत होती.

"मी सांगतो, ती माशाची सावली आहे."

"आजोबा, सावली त्या दगडापाशी संपते. रेघ तिच्या पलीकडून निघालीय."

"मग काय आहे तिथे?"

"तेच तर. पाणी आहे नुसतं."

"पाणी सगळीकडेच आहे. मग (ड) इथेच का? काल तू म्हणालीस प्रवाह."

"काल मला तसं वाटलं होतं. आज सकाळी उजेड वेगळा होता, तेव्हा तिथे काहीतरी हिरवट दिसलं." मग ती वर बघून म्हणाली, "काका, जरा बाजूला होता का? तुम्ही (ड)वर उभे आहात."

आकृतीराव चटकन बाजूला झाले.

"तुम्हाला काय वाटतं हो?" तिने विचारलं. "इथे येणारे सगळे काही ना काही सांगतात. ग्रंथपाल बाई म्हणतात, कपाटांची खूण आहे. पण ते काही खरं नाही."

आकृतीराव खाली वाकले. रेघ तशीच होती, सरळ आणि ठाम. तिचं दुसरं टोक दगड आणि शेपूट यांच्या मधल्या पाण्यात टेकलं होतं. तिथे त्यांनी काय काढलं होतं, किंवा काढायचं मनात होतं, ते त्यांना आठवेना. कचेरीत रेघ ओढली जाई ती आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीपाशी, आणि नाव दुसराच कुणी लिहून पाठवी. ही एकच रेघ अशी होती, की जिचं नाव कुणीच पाठवलं नव्हतं.

"मला वाटतं," ते सावकाश म्हणाले, "चित्र काढणाऱ्याची चूक असावी. हात गेला असेल."

आजोबांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"हात गेला असेल? इथला एकेक दगड बघा. त्या कोपऱ्यातला तर बघाच. इतकं निगुतीने करणारा माणूस कुठेही रेघ मारेल होय? काहीतरी बघितलं असणार त्याने तिथे." ते जरा चिडलेच होते. "तुम्ही आज आलात. आम्ही महिनाभर बघतोय."

यावर आकृतीरावांपाशी उत्तर नव्हतं, आणि या खेपेला ते मागे राखूनही ठेवलेलं नव्हतं. त्यांनी बायकोचं पुस्तक टेबलावर ठेवलं, चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला आणि एक रिकामी खुर्ची ओढून त्या दोघांच्या मध्ये बसले.

"दाखवा बरं," ते म्हणाले. "कुठून निघते म्हणता ती?"